गाड्या आहेत, मग मेळावा का आटतोय? जुन्या गाड्यांच्या मृतसाठ्याची गोष्ट

"काका, रविवारी गाडी आणताय ना?"

"गाडी येईल रे. गुडघा येत नाही."

हे बोलणं गेल्या डिसेंबरातलं. आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरात थंडीच्या एखाद्या रविवारी जुन्या गाड्यांचे मालक सकाळी सातला जमतात. चहा-पोहे होतात, एकमेकांची बॉनेटं उघडून बघितली जातात आणि मग दौलताबादपर्यंत एक फेरी. बॅनर नाही, अध्यक्ष नाही, वर्गणीही नाही. पंधरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी लावायला जागा शोधावी लागली होती. यंदा चार फियाट, एक अॅम्बेसेडर, एक जीप आणि कडेला काही दुचाक्या. शेवटी चहावाल्यानेच विचारलं, "बाकीचे गेले कुठं?"

प्रश्न साधा आहे आणि उत्तरंही तयार असतात. कुणी म्हणतं, सरकारने फी वाढवली. कुणी म्हणतं, इथेनॉलच्या पेट्रोलने वाट लावली. म्हाताऱ्यांचं एकमत असं की पोरांना मोबाइलपलीकडे कशाची आवड नाही. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं आहे, पण हिशोब तेवढ्याने जुळत नाही.

आधी जायकवाडीकडे जाऊ

धरणाची टक्केवारी मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मे महिन्यात पेपर हातात आला की आधी नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, आकडा बघायचा, मग बाकीच्या बातम्या. जायकवाडीची एकूण साठवण साधारण 102 टीएमसी. त्यातलं 26 टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी कालव्यात सोडता न येणारं खालचं पाणी. पेपरातली टक्केवारी असते ती वरच्या 76 टीएमसीची, उपयुक्त साठ्याची. म्हणून 'जायकवाडी शून्यावर' अशी बातमी येते त्या दिवशीही काठावर उभं राहिलं तर लांबपर्यंत पाणी दिसतं. पाणी आहे, पण ते कालव्यात येत नाही.

जुन्या गाड्यांचं अगदी असंच आहे. मेळाव्यात आपल्याला दिसतो तो उपयुक्त साठा. त्यात मोडायला गाडी चालू हवी, कागद पुरे हवेत आणि ती चालवणारा माणूस धडधाकट हवा. तिन्हींतलं एक जरी गेलं तरी गाडी मृतसाठ्यात जमा. ती भंगारात जातेच असं नाही. वाड्याच्या ढेलजेत, जुन्या जिनिंगच्या गोदामात, शेतातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहते. विचारलं तर घरचे सांगतात, "आहे की आमच्याकडे."

मालक वारला की गाडी एका दिवसात बाहेर पडते, तो विसर्ग. तो निदान दिसतो. बाष्पीभवन दिसत नाही: "या वेळी नको, पुढच्या वेळी बघू" म्हणणारे काका दरवर्षी दोन-तीन कमी होतात आणि कुणी मोजत नाही. आता नवीन पाणी कुठून येतं ते बघू. तिथे खरी गोम आहे.

जुनी म्हणजे नेमकी किती जुनी?

'विंटेज' हा शब्द आपण सढळ वापरतो. इंग्रज शौकीन तो साधारण 1919 ते 1930 मध्ये बनलेल्या गाड्यांपुरताच ठेवतात. जुन्या गाड्यांच्या क्लबांची 'फिवा' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना 1966 पासून आहे. ती किमान तीस वर्षं जुनी, मूळ रूपात जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी ऐतिहासिक मानते. आपल्या केंद्र सरकारने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत स्वतंत्र तरतूद केली आणि अट घातली पन्नास वर्षांची, तीही पहिल्या नोंदणीपासून.

या तरतुदीत बसणाऱ्या गाडीला 'व्हीए' ही अक्षरं असलेला वेगळा नंबर मिळतो. नवी नोंदणी 20,000 रुपयांत दहा वर्षांसाठी, पुढे 5,000 रुपये. बदल्यात गाडी रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. मेळाव्याच्या गाडीला आणखी काय हवं?

पण पन्नास वर्षं मोजून बघा. फियाटला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव 1974 मध्ये मिळालं, म्हणजे पहिल्या पद्मिन्या नुकत्या कुठे पात्र झाल्या. मारुती 800 आली डिसेंबर 1983 मध्ये. तिला 2033 च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागेल. तोवर ती कायद्याच्या लेखी फक्त एक म्हातारी गाडी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. मोटारीसाठी ही फी 2022 पासून 5,000 रुपये होती. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती 10,000 आणि मोटरसायकलींना 2,000 झाली. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. विसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत अशी सहा नूतनीकरणं येतात. आजच्या दराने नुसत्या फीचेच 60,000 रुपये झाले, आणि गाडी वर्षाकाठी धावणार दोनशे किलोमीटर. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत गाडी ना घर की ना घाट की. माझ्या मते नियमातली खरी चूक ही आहे. फियाटवाल्या काकांना ती आता फारशी जाचत नाही. जाचते ती त्यांच्या मागून येऊ पाहणाऱ्याला.

जाता जाता: 'पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त' हा निरोप व्हॉट्सअॅपवर दर सहा महिन्यांनी येतो. जुन्या गाड्यांवरचे ते निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या भागातले. आपल्याकडे तपासणीत पास झालेली खासगी गाडी चालवता येते.

माणूस कोणत्या गाडीच्या प्रेमात पडतो?

पंधराव्या वर्षी ज्या गाडीभोवती माणूस घुटमळतो, पंचेचाळिशीत पैसा हाती आला की तीच शोधत फिरतो. हा काही कुणी सिद्ध केलेला नियम नाही. पण कुठल्याही मेळाव्यात दहा मालकांशी बोला, आठ जण हेच सांगतील.

आता हे आपल्या भागावर ताडून बघा. सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि मोटार म्हणजे जहागीरदाराची नाहीतर सरकारी अधिकाऱ्याची. नंतर तालुक्याच्या गावांत गाड्या आल्या त्या डॉक्टर, वकील, आडते आणि जिनिंगवाल्यांकडे. अॅम्बेसेडर पुढाऱ्याची, फियाट डॉक्टरची, जीप निवडणुकीची. 1950 मध्ये जन्मलेला मुलगा 1965 मध्ये पंधरा वर्षांचा होता. आदल्याच वर्षी फियाटचं 'डिलाइट' मॉडेल आलेलं. गावात ती एकच, दवाखान्यासमोर उभी. हा मुलगा 1995 मध्ये पंचेचाळीसचा झाला. तोवर मारुतीने बाजार खाल्ला होता आणि जुनी फियाट स्वस्तात मिळत होती. त्याने घेतली. आमचा मेळावा उभा राहिला तो या पिढीच्या जिवावर. 2025 मध्ये हाच माणूस पंच्याहत्तर वर्षांचा झाला.

आणि ती गाडी पंच्याहत्तरीच्या माणसासाठी बनलेली नाही. पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीचं चाक वळवायचं तर खांदे लागतात. क्लच जड. ब्रेकवर सगळा पाय टाकावा लागतो. वयाच्या पंचावन्नानंतर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं आणि दर खेपेस डॉक्टरचा दाखला जोडायचा. काकांचा गुडघा म्हणजे मेळाव्याच्या साठ्यातली थेट घट.

मग नवीन आवक कुठून येणार? 1970 मध्ये जन्मलेल्याकडून. तो पंधरा वर्षांचा झाला 1985 मध्ये. त्याच वर्षी वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी यामाहाची आरएक्स 100 रस्त्यावर आली. त्याच्या डोक्यात आहे चेतक, येझदी, एम 80 आणि शेजाऱ्यांची पांढरी मारुती. त्याच्या दहा-पंधरा वर्षं मागून आलेल्यांच्या डोक्यात शेंद्र्यात बनलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आहे. 2001 पासून त्या इथूनच बाहेर पडत होत्या, आणि कारखान्यात काम करणाऱ्याच्या मुलासाठी ती गाडी म्हणजे जवळजवळ घरचं माणूस.

ही मंडळी आमच्या मेळाव्याला येतातही. दुचाक्या कडेला लावतात. आणि आमच्यातला एखादा ज्येष्ठ येझदीकडे बघून म्हणतो, "ही कसली जुनी? ही तर मी नवी घेतली होती." सगळे हसतात. पुढच्या वर्षी ते पोरगं येत नाही.

मी इथे बाजू घेतो: आवक आटलेली नाही, आपण वरच्या धरणाची दारं लावून बसलोय. जायकवाडीच्या लोकांना याची चीड कशी असते ते वेगळं सांगायला नको. आणि एक दार तर आपण कधी उघडलंच नाही. आमच्या मेळाव्यात बायका दिसतात त्या फोटोपुरत्या, शेजारच्या सीटवर.

परदेशात काय चाललंय?

क्लब म्हातारे होण्याची तक्रार तिकडेही आहे. पण दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. ब्रिटनमध्ये 2014 पासून अगदी सामान्य, कुणी ढुंकूनही न बघितलेल्या गाड्यांचा मेळा भरतो; त्याच्या नावातच 'काहीही खास नसलेल्या गाड्यांचा उत्सव' असा अर्थ आहे. कॅलिफोर्नियात 2017 मध्ये 'रॅडवुड' सुरू झालं, खास 1980 आणि 90 च्या दशकांतल्या गाड्यांसाठी. दोन्हीकडे वय खाली आणलं ते माणसाचं नव्हे, गाडीचं. माणसं मागून आपोआप आली.

याला छेद देणारं उदाहरणही सांगतो. लंडनहून ब्रायटनला दर नोव्हेंबरात 1905 च्या आधी बनलेल्या गाड्या धावतात. ती मूळ फेरी 1896 मधली. या गाड्या लहानपणी नव्या पाहिलेलं आज कुणीही हयात नाही, तरी फेरी निघते. मग आठवणीचं गणित चुकलं का? पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते, तिच्यात चालणाऱ्यांनी तरी नाथांना कुठे पाहिलंय? वाट ठरलेली, दिवस ठरलेला आणि दिंडीत कुणी कुठे चालायचं तेही ठरलेलं. बापानंतर मुलाला जागा आयती मिळते. आमच्या मेळाव्याची तारीख दरवर्षी 'बघू, थंडी पडू दे' अशी ठरते.

शेडमध्ये गाडी मरते कशी?

हे मी घरचंच सांगतो. वडिलांची पद्मिनी अंबडजवळच्या गावी शेडमध्ये उभी आहे. वडील जाऊन चार वर्षं झाली. 'सावकाश बघू' म्हणत मी तिकडे फिरकलो नाही. परवा गेलो, ताडपत्री काढली, बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने कापसाचं घर केलेलं, आणि आत आमच्याच शेतातल्या तुरीच्या शेंगांची टरफलं. वायरिंगचं लाल-पिवळं आवरण कुरतडून तांब्याची तार उघडी पडलेली. किल्ली फिरवली तर टिक असा आवाजसुद्धा नाही.

उभी गाडी झिजत नाही असं आपल्याला वाटतं. चालणाऱ्या गाडीपेक्षा ती लवकर बिघडते. बॅटरी काही न करता उतरते. टाकीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे डिंकासारखा चिकट थर राहतो. तो कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरावीक प्रमाणात मिसळणारं भांडं, आणि त्याचं जेटचं भोक इतकं बारीक की थोडी घाणही पुरते. ब्रेकचे रबर सुकतात, सिलिंडर जाम होतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. उरलेलं काम आपला उन्हाळा करतो.

यातच इथेनॉलचा मुद्दा येतो. आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून वीस टक्के मिश्रणात हिशोबाने सहा-सात टक्के घट. जुन्या गाडीच्या मालकाला तेवढ्याने काही होत नाही, त्याने मायलेज केव्हाच सोडून दिलेलं असतं. त्रास होतो तो वेगळा. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि जुन्या काळच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम, वॉशर त्याच्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात नाहीतर चिरतात. रोज धावणाऱ्या गाडीत पेट्रोल बदलत राहतं, म्हणून हे कमी जाणवतं. सहा महिने उभ्या गाडीत ते मुरत बसतं. म्हणजे जी गाडी मेळाव्यापुरतीच निघते, नेमका तिलाच फटका. आणि हे इथेनॉल बनतं कशापासून? उसाच्या रसापासून आणि मळीपासूनही. माझ्या मामाचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो. वडिलांच्या गाडीची नळी चिरण्यात घरच्याच उसाचा हात असावा हे मामाला अजून सांगितलेलं नाही.

उपाय अवघड नाही. नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घालायच्या, गाडी उभी करायची तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करून. पण हे करून देणार कोण?

मिस्त्रीही म्हातारा झाला

मेळाव्याला फक्त मालक लागत नाहीत. 2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा मोटारीतला कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून पेट्रोल फवारणं. आज तिशीतला जो मोटार मेकॅनिक आहे त्याने पद्मिनीच्या ठिणगीचं टायमिंग कधी बसवलेलंच नाही. त्याच्याकडे स्कॅनर आहे आणि पद्मिनीत स्कॅनर लावायला जागा नाही. आमचे मिस्त्री काडेपेटीचा पुठ्ठा घालून ठिणगीच्या पॉइंटची फट बघायचे आणि सायलेन्सरच्या आवाजावरून मिश्रण ओळखायचे. त्यांना आता कानांनी नीट ऐकू येत नाही.

दुचाकीची गोष्ट वेगळी. मोटरसायकलींमध्ये कार्बोरेटर एप्रिल 2020 पर्यंत, म्हणजे भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम येईपर्यंत होता. त्यामुळे गल्लीतला पंचविशीतला मेकॅनिकही येझदी किंवा आरएक्स खोलून बसवू शकतो. मेळाव्यात दुचाक्या का वाढतायत याचं अर्धं उत्तर इथे आहे.

पण भाव तर वाढलेत ना?

हो, निदान मागणारे तरी आकडा फुगवूनच सांगतात. भाव आणि हजेरी मात्र वेगवेगळ्या वाटेने जातात. चांगल्या गाडीचा भाव चढला की ती मुंबई-पुण्याच्या संग्राहकाकडे जाते आणि झाकलेल्या गॅरेजमध्ये उभी राहते. गाडी वाचते, पण मेळाव्याला ती गेलीच. शिवाय भाव ऐकून शेडवालेही विकत नाहीत. 'बरीच किंमत येईल' म्हणून थांबतात आणि गाडी तेवढ्यात कुजते.

इंजिन काढून बॅटरी बसवली तर?

हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारा चांगल्या मनाने विचारतो. मंजुरी असलेला संच बसवून नोंदणीत बदल केला तर रोजच्या वापरासाठी ते चालेल. पण 2021 च्या तरतुदीत गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको. इंजिन काढलं की 'व्हीए' नंबर विसरा.

आणि कागद

चालू गाडी आणि धडधाकट माणूस यांच्याबद्दल सगळे बोलतात. तिसऱ्या गोष्टीवर, कागदांवर, कुणी बोलत नाही, आणि माझ्या अंदाजाने मृतसाठ्याचा मोठा भाग तिथेच अडकलाय. मालक वारल्यावर तीन महिन्यांत वारसाने फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. सोबत मृत्यूचा दाखला, विमा, पीयूसी आणि बाकी वारसांची संमती. शेतीच्या सातबाऱ्यासाठी आपण तलाठ्याकडे खेटे घालतो. गाडीचं आरसी बुक देव्हाऱ्याखालच्या खणात तसंच पडून राहतं. मग नोंदणीची मुदत संपते, विमा लागत नाही, आणि वर्षं जातील तसे वारस वाढतात. 2021 पासून आरसीवर मालकाला हयातीतच वारसाचं नाव लावून ठेवता येतं. गुडघ्यावाल्या काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मला मारायची घाई झालीय का तुला?" दोन दिवसांनी त्यांनीच फोन करून विचारलं, नातीचं नाव चालेल का. ती तेवीस वर्षांची आहे आणि स्टिअरिंगवरचा गिअर तिला काकांपेक्षा बरा पडतो.

आमच्याकडे वारस तिघं: आई, ताई आणि मी. चार वर्षांनी का होईना, मी फॉर्म छापून आणला. ताई परभणीहून आली, पेन घेतलं आणि थांबली.

"मी गाडी शिकले ती याच गाडीवर. तू तेव्हा सायकलवरून पडत होतास."

"मग तुझ्या नावावर करू?"

"नाव कुणाचंही लाव. दौलताबादपर्यंत मी नेणार."

सही करून तिने हात पुढे केला. किल्ली माझ्या खिशात होती, पण बॅटरी मिस्त्रीकडे आणि कार्बोरेटर त्यांच्या टेबलावर पातेल्यात भिजत पडलेला. तसं सांगितलं तर म्हणाली, "असू दे. किल्ली दे आधी."